झील धरणाऱ्याची मैफल

कीर्तनाला नेमाने जाणाऱ्यांस झीलकरी चांगला ठाऊक असतो. बुवा पुढे उभे राहून आख्यान रंगवीत असतात आणि हा मागे टाळ धरून, बुवांचा श्वास जिथे संपतो तिथे पद उचलून धरतो. त्याने झील सोडली तर भरलेला सभामंडप क्षणात रिता वाटू लागेल. हे बुवांस ठाऊक असते, त्यालाही ठाऊक असते. श्रोत्यांच्या मात्र ते ध्यानी येत नाही, आणि कीर्तन संपल्यावर नमस्कारासाठी रांग लागते ती बुवांपुढे.

पाश्चात्त्य वाद्यवृंदातही असा एक झीलकरी आहे. व्हायोला हे त्याचे नाव. गेल्या पंधरवड्यात आम्ही घरच्या घरी एक लहानशी मैफल मांडली, तीत सबंध संध्याकाळ हेच वाद्य ऐकले, आणि तेही आज हयात असलेल्या एकाच संगीतकाराचे. मुद्रिकांवरून ऐकलेल्या संगीताला मैफल म्हणावे का, असा प्रश्न कोणी करील. परंतु दिवाणखान्यात सतरंजी पसरून, दूरध्वनी बंद करून, शेजारची दोन कुटुंबे बोलावून जे ऐकले त्याला दुसरे नाव आम्हांस सुचत नाही.

प्रथम वाद्याविषयी थोडे. दिसण्यात व्हायोला व्हायोलिनचीच थोरली बहीण. तशीच हनुवटीखाली धरायची, तसाच गज. तारा चार, पण सूर पाच स्वरांनी खाली उतरलेला. व्हायोलिनची सर्वांत उंच तार हिच्यापाशी नाही, तिच्याऐवजी खाली एक जाड, गंभीर तार आहे. खरी गंमत हिच्या अंगकाठीत आहे. पाच स्वर खाली उतरूनही व्हायोलिनसारखाच मोकळा आवाज हवा असेल, तर ध्वनिशास्त्राच्या हिशेबाने लाकडी पेटी व्हायोलिनच्या दीडपट हवी. व्हायोलिनची पेटी सुमारे साडेपस्तीस सेंटिमीटरची असते, म्हणजे हिची त्रेपन्नच्या आसपास भरेल. एवढे धूड खांद्यावर धरून हात पोहोचणार कसा? म्हणून कारागीर चाळीस ते त्रेचाळीस सेंटिमीटरवर थांबतात. जागा अपुरी पडलेल्या सुराला मग किंचित घोगरेपणा येतो, काहीसा नाकातला, काहीसा दाटल्या कंठातला. हे व्यंग म्हणावे तर व्यंग. आमच्या मते हेच त्या वाद्याचे सारे सौंदर्य आहे. सारंगीवर ज्यांचा जीव आहे त्यांना ते समजावून सांगावे लागणार नाही.

शतकानुशतके ह्या वाद्याकडे काम आले ते मधल्या आवाजाचे. वर व्हायोलिन गाणार, खाली चेलो आधार देणार, आणि दोहोंमधली पोकळी व्हायोलाने भरायची. वाद्यवृंदांत व्हायोलावाल्यांवर इतके विनोद रचले गेले आहेत, की आपल्याकडे घरजावयावरही तितके नसतील. तरी बाख, मोझार्ट, बेथोव्हन ह्या तिघांनीही हे वाद्य हाती धरले होते. बेथोव्हन तर तरुणपणी बॉनच्या दरबारी वाद्यवृंदात व्हायोला वाजवून घरसंसाराला हातभार लावत असे. विसाव्या शतकात परिस्थिती पालटली. १९२९ साली विल्यम वॉल्टन ह्या तरुण इंग्रज संगीतकाराने व्हायोलासाठी कॉन्सर्टो लिहिला, तेव्हा ज्या थोर वादकासाठी तो लिहिला त्या लायोनेल टर्टिस ह्यांनी तो फार आधुनिक वाटून परत पाठविला. अखेर लंडनला तो वाजविला पॉल हिंडेमिट ह्या जर्मन संगीतकाराने, जो स्वतःही व्हायोलावादक होता. तो कॉन्सर्टो आज ह्या वाद्याच्या मानाच्या रचनांत मोजला जातो.

आमच्या मैफलीचे मानकरी ब्रेट डीन हे ह्याच वंशातले, म्हणजे वाजविणारे आणि लिहिणारेही. जन्म १९६१ सालचा, ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनचा. १९८४ मध्ये ते जर्मनीस गेले आणि पुढच्याच वर्षी बर्लिन फिलहार्मोनिकच्या व्हायोलावादकांत त्यांना जागा मिळाली. तेव्हा काराजान त्या वाद्यवृंदाचे सूत्रधार होते. तिथली खुर्ची म्हणजे जगातल्या कोणाही वादकाच्या दृष्टीने पैलतीर. सुमारे चौदा वर्षे ते त्या खुर्चीवर बसले. १९८८ पासून चित्रपट आणि नभोवाणीच्या प्रायोगिक कामांतून हळूहळू रचनेकडे वळले आणि २००० साली, ऐन चाळिशीच्या उंबरठ्यावर, पक्की नोकरी सोडून केवळ लिहिण्यासाठी मायदेशी परतले.

आम्हां पगारदार मंडळींच्या घरांत ह्या निर्णयाचा अर्थ पटकन समजतो. संस्थानी चाकरी असो, गिरणीतली असो की बँकेतली, नोकरीच्या आधाराने माळव्यात, गुजरातेत, निजामाच्या मुलखात मराठी घरे रुजली. त्या घरांत अशी खुर्ची सोडण्याची गोष्ट कोणी काढली असती तर तीन पिढ्यांनी एकत्र बसून त्याला समजावले असते. आणि समजावणाऱ्यांना आम्ही मूर्ख म्हणणार नाही. सोडून जाणाऱ्यांपैकी यशस्वी झालेल्यांच्याच कथा आपल्या कानी येतात.

मैफलीची सुरुवात आम्ही १९९६ च्या एका एकल रचनेने केली. ‘इंटिमेट डिसिजन्स’ हे तिचे नाव. डीन तेव्हा बर्लिनच्या नोकरीतच होते. साथीला कोणी नाही, एकटा व्हायोला. प्रारंभ इतका हळू, की शेजारच्या काकांनी यंत्र चालू झाले नाही अशी शंका घेतली. मग कुजबूज वाढते, अडखळते, चिडते, पुन्हा स्वतःशी येऊन बसते. गुणगुणता येईल अशी चाल शोधाल तर हाती काही लागणार नाही. रात्री एकट्याने स्वतःशी वाद घालणारा माणूस दाराआडून ऐकावा, तसे ऐकले तर पुष्कळ काही लागते.

संध्याकाळ ज्यासाठी मांडली ती रचना दुसरी. ‘टेस्टामेंट’, २००२ सालची, बर्लिन फिलहार्मोनिकच्या बारा व्हायोलावादकांसाठी, म्हणजे डीन ज्यांच्या रांगेत बसत त्याच सोबत्यांसाठी लिहिलेली. बारा झीलकरी, आणि बुवा कोणीच नाहीत!

तिच्यामागची हकिकत अशी. १८०२ च्या ऑक्टोबरात, व्हिएन्नाजवळच्या हायलिगेनश्टाट ह्या खेड्यात, एकतिसाव्या वर्षी बेथोव्हनने आपल्या भावांना उद्देशून एक पत्र लिहिले. कान जात चालले होते. शेजारच्या माणसाला दूरची बासरी ऐकू यावी आणि आपल्याला काहीच येऊ नये, ह्या अपमानाने तो जीव देण्यापर्यंत पोहोचला होता, आणि कलेने आपल्याला अडविले असे त्याने त्यात लिहिले आहे. ते पत्र त्याने कधी धाडलेच नाही. १८२७ साली त्याच्या मृत्यूनंतर ते कागदपत्रांत सापडले.

डीन ह्यांनी हे पत्र सुरांत आणले ते एका अगदी साध्या युक्तीने. गजाच्या केसांना राळ लावल्यावाचून तार बोलत नाही, हे सारंगिये जाणतात. ह्या रचनेत वादक राळ न लावलेला गजही वापरतात. बोटे धावतात, गज धावतो, पण आवाज निघतो तो केवळ सरसर, खरखर; जाड कागदावर घाईघाईने चालणाऱ्या बोरूसारखा. सूर त्यात आहेत, परंतु अर्धेमुर्धेच पोहोचतात. लिहिणाऱ्याची लेखणी आणि त्याचे विझत चाललेले कान, दोन्ही एकाच आवाजात. नंतर राळ लावलेले गज हाती येतात आणि तोच मजकूर रक्तामांसाचा होऊन उभा राहतो; मध्येच बेथोव्हनच्याच एका चतुष्कातले सूर धुक्यातून दिसावेत तसे डोकावतात.

ह्या ठिकाणी आमच्या घरातील एक गोष्ट सांगणे भाग आहे. आमच्या आत्याबाई चौऱ्याऐंशीच्या. तीस वर्षे भजनी मंडळात झील धरली. आता कानाला यंत्र आहे. त्या केवळ चहापाण्याच्या निमित्ताने येऊन ध्वनिवर्धकाच्या अगदी जवळच्या खुर्चीवर बसल्या होत्या. ती सरसर सुरू झाली तेव्हा पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिले. आत्याबाई मात्र म्हणाल्या, “यंत्र काढून ठेवलं की मला तुम्हां सगळ्यांचं बोलणं असंच येतं. माणसं आहेत एवढं कळतं, शब्द लागत नाही.” पुढे कोणी काही बोलले नाही. पाश्चात्त्य संगीताचे आम्हांपैकी दोघेतिघे थोडेफार जाणकार; पण त्या रचनेचा अर्थ सांगितला तो त्यांनी, पत्राची हकिकत कळण्यापूर्वी.

गेल्या वर्षी एका वाचक-भगिनीने विचारले होते, की परके आणि तेही नवे संगीत कुटुंबाच्या मासिकात कशाला? तिला आमच्याकडे आत्याबाईंचे वाक्य आहे, दुसरे उत्तर नाही.

तिसरी रचना व्हायोला कॉन्सर्टो. २००५ साली लंडनला बी.बी.सी. सिंफनी वाद्यवृंदाबरोबर ती प्रथम सादर झाली तेव्हा व्हायोला हाती घेऊन पुढे उभे होते स्वतः डीन. तीन भाग: त्रोटक ‘फ्रॅग्मेंट’, मग ‘पर्सूट’ म्हणजे पाठलाग, आणि शेवटी अवगुंठित, गूढ असा संथ भाग. पाठलागात वाद्यवृंद एकट्या व्हायोलाच्या मागे असा लागतो की ऐकणाऱ्यालाच धाप लागावी. तो आम्हांस जरा दाट वाटला. इतक्या गर्दीत तो घोगरा कंठ हरवतो. संथ भागात मात्र त्याला अवकाश मिळतो, आणि मंद्रात उतरलेला सूर जागचा न हलता किती बोलू शकतो ते कळते.

हे मंद्राचे बोलणे इंदुरात राहणाऱ्यांस तरी नवे नाही. उस्ताद अमीर खाँ (१९१२–१९७४) ह्यांची झुमऱ्यातली विलंबित बढत ज्यांनी ऐकली आहे, त्यांचा कान तयारच आहे. त्यांचे वडील शाहमीर खाँ होळकर दरबारचे सारंगिये. मुलाला प्रथम सारंगीच शिकविली, मग गळ्याकडे वळविले. साथीदाराच्या घरात गायक वाढला आणि साथीदाराचा कान घेऊनच गायला, असे आम्हांस नेहमी वाटत आले आहे. सारंगीलाच मुख्य आसनावर बसविले ते पंडित रामनारायण ह्यांनी. १९५० च्या दशकात साथ सोडून मुंबईत त्यांनी एकल वादन आरंभिले, तेव्हा पहिल्या प्रयत्नाला श्रोत्यांनी दाद दिली नव्हती. २०२४ साली, शहाण्णवाव्या वर्षी ते गेले. व्हायोलाही आपल्याला अगदीच परकी नाही: कर्नाटक संगीतातले डॉ. बालमुरलीकृष्ण गाण्याबरोबर तीही उत्तम वाजवीत.

ज्यांना ऐकावेसे वाटेल त्यांनी क्रम आमचा घेऊ नये. आधी ‘टेस्टामेंट’ घ्यावे. ते जेमतेम पंधरा मिनिटांचे आहे. २००८ मध्ये डीन ह्यांनी त्याचे पूर्ण वाद्यवृंदासाठी रूपांतर केले, तेही चांगले आहे, पण पहिल्या वेळी बारा व्हायोलांचेच ऐकावे. आवाज सुरुवातीला मोठा करू नये, पुढे पस्तावाल. स्वयंपाकघरातला पंखा आणि कुकर बंद असावा. आणि घरात कानाला यंत्र लावणारे कोणी असेल, तर त्यांना ध्वनिवर्धकाजवळची खुर्ची द्यावी.