तिला कुणाची तरी करायची घाई

दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात हडप्पा दालनात काचेमागे उभी असलेली ती कांस्यमूर्ती पहिल्यांदा पाहणारा हमखास फसतो. पाठ्यपुस्तकातल्या चित्रामुळे ती हातभर तरी उंच असेल असं आपण धरून चाललेलो असतो, आणि प्रत्यक्षात ती असते साडेदहा सेंटिमीटरची. तळहातावर मावेल एवढी. 1926 मध्ये मोहेंजोदारोच्या एका घराच्या अवशेषांत सापडलेली, सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीची ही मुलगी. नाव 'नर्तकी'. तेही आपणच चिकटवलेलं. जॉन मार्शल यांना तिच्या उभं राहण्यात ताल धरल्याचा भास झाला आणि तो भास पुढे पाटीवर कायमचा बसला. ती नाचतच होती याला पुरावा काहीच नाही. एक हात कमरेवर, हनुवटी वर, डोळे अर्धे मिटलेले. मला तर ती कुणाचं तरी लांबलेलं बोलणं कंटाळून ऐकत असल्यासारखी वाटते.

एवढ्याशा मुलीवर हक्क सांगणारे मात्र बरेच. 2016 मध्ये लाहोर उच्च न्यायालयात तिला पाकिस्तानात परत आणावं म्हणून याचिका झाली. त्याच वर्षी आपल्याकडे भारतीय इतिहास संशोधन परिषदेच्या हिंदी नियतकालिकात ती पार्वती असल्याचा दावा करणारा लेख आला. आणि मे 2023 मध्ये दिल्लीतल्या आंतरराष्ट्रीय संग्रहालय प्रदर्शनासाठी तिच्यावरून शुभंकर तयार करण्यात आलं, ते अंगात कपडे घातलेलं आणि रंगाने चांगलंच उजळ केलेलं. मूळ मुलीच्या अंगावर बांगड्या आणि गळ्यातला हार सोडून काही नाही, आणि धातूने तिला दिलेला रंग गर्द आहे. या दोन्ही गोष्टींची लाज नेमकी कुणाला वाटली, हे कुणी सांगितलं नाही.

या गर्दीत आपला समाज कुठे आहे? कुठेच नाही, आणि मला खटकतं ते हेच. मी संग्रहालयात गेलो होतो हे कळल्यावर माझ्या एका मामेभावाने विचारलं, "पैसे दे के बुतां देखने को गया था क्या?" चेष्टेतच विचारलं, पण त्या चेष्टेत एक पक्की समजूत आहे: हे त्यांचं, आपलं नाही. जे आपल्याला रोज परकं ठरवतात त्यांचं म्हणणंही शब्दशः हेच आहे. तुमचा इतिहास इ.स. 712 मध्ये मुहम्मद बिन कासिम सिंधमध्ये आला तिथून सुरू होतो, त्याआधीचं तुमचं काही नाही, असं ते म्हणतात. आणि आपले काही वक्ते जलशात हेच वाक्य अभिमानाने म्हणतात. पाकिस्तानातल्या काही क्रमिक पुस्तकांनीही देशाची गोष्ट तिथूनच सुरू केली. मग लाहोरहून या मुलीसाठी कोर्टात जायचं कुठल्या तोंडाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारायला हवा.

सिंधमध्ये कासिम आला तेव्हा मोहेंजोदारो केव्हाच मातीखाली गेलं होतं. पण त्या मातीवर माणसं राहतच होती. त्यांच्यातल्या कित्येकांच्या लेकी-सुनांनी पुढच्या शतकांत कलमा पढला. कलमा पढला म्हणून त्यांचे आजे-पणजे रद्द झाले नाहीत. पूजा करणं एक आणि आपल्या पूर्वजांना ओळखणं दुसरं. माझ्या ईमानाला साडेदहा सेंटिमीटरच्या मुलीपासून धोका नाही. जमिनीवर फिरा आणि आधीच्या कौमांचं काय झालं ते पाहा, असं कुरआन वारंवार सांगतो. डोळे मिटून फिरा असं कुठे सांगत नाही.

तिचा डावा हात पाहा. मनगटापासून खांद्यापर्यंत बांगड्याच बांगड्या, चोवीस-पंचवीस तरी. उजव्या हातात फक्त चार. थरपारकरच्या बायका अगदी अलीकडेपर्यंत दंडापर्यंत असाच चुडा भरत आल्या आहेत. आणि आपल्याकडे? गावोगाव, दारोदार फिरून हिंदू घरांतल्या नव्या नवरीच्या हातात हिरवा चुडा कोण भरत आलं? मण्यार. खांद्याला माळ अडकवून आलेला मुसलमान मण्यार बाईचा हात दाबून, पंजा चोळून बांगडी चढवतो आणि त्यात ना तिच्या घरच्यांना काही वाटतं ना त्याला. मोहेंजोदारोपासून आपल्या मण्यारापर्यंत सरळ रेघ ओढता येते असं मी म्हणत नाही, तो खुळेपणा होईल. पण त्या मुलीचा हात मण्यारणीने पाहिला तर ती त्यात परकं काही शोधणार नाही. आधी विचारेल, एवढ्या घट्ट चढवल्या कशा?

महाराष्ट्राचं नातं सांगायचं तर याहून जवळचंही आहे. मोहेंजोदारोच्या उत्खननात काशिनाथ नारायण दीक्षित यांनी काम केलं, ते पंढरपूरचे. आणि 1974 मध्ये नगर जिल्ह्यात प्रवरेकाठच्या दायमाबादला एका भिल्ल शेतकऱ्याला कांस्याचे हत्ती, गेंडा, रेडा आणि बैल जुंपलेला रथ सापडला. रथात एक माणूस उभा आहे. गावाच्या नावातला 'आबाद' कुणाच्या भाषेतून आला, हे नामांतराच्या उत्साही मंडळींनी सवडीने पाहावं.

फाळणीनंतर मोहेंजोदारोच्या वस्तूंचीही वाटणी झाली. अर्ध्या इकडे, अर्ध्या तिकडे. ही मुलगी दिल्लीत राहिली, दाढीवाला 'पुरोहित-राजा' आज कराचीत आहे. माळा आणि मेखला होत्या, त्यांचे मणी दोऱ्यातून सोडवून मोजून वाटले. हार मोडून अर्धा अर्धा घेणारी भांडखोर भावंडं आपल्याही घरांत असतात, पण ती निदान आई एकच होती हे नाकारत नाहीत.

पुढच्या वेळी आपल्या उर्दू शाळांची सहल दिल्लीला निघेल तेव्हा लाल किल्ला आणि जामा मशिदीनंतर दोन तास या दालनासाठी राखून ठेवा. मुलींना पुढे उभं करा, काच त्यांच्या उंचीची आहे. पाटीवरचं 'नर्तकी' वाचायच्या आधी त्यांना विचारा, ही काय करत असेल? माझ्या भाचीचं उत्तर होतं, "अम्मीने हाक मारलीये आणि हिला जायचं नाहीये."