साहेब समाधानी का नाहीत?

एका दाखल्यासाठी मी नांदगाव पेठहून सरकारी कार्यालयात गेलो. सर्व्हर बंद होता. साहेब म्हणाले, "पगाराची तक्रार नाही भाऊ. हाती घेतलेलं काम पूर्ण होत नाही, त्याचाच त्रास होतो." सॉफ्टवेअर इंजिनिअर असल्याने मला ते पटलं.

2005 च्या बदली कायद्यानुसार सर्वसाधारण कार्यकाळ तीन वर्षांचा आहे. तरी मुदतपूर्व बदल्या होतात. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यात सबळ कारणाशिवाय सेवा न दिल्यास 500 ते 5,000 रुपये दंड आहे. पण यंत्रणाच बंद असेल, तर नागरिकाची खेप वाया जाते आणि बोलणी अधिकाऱ्याला बसतात.

वेळेत दाखला मिळणं हा आपला हक्कच आहे. तो मागताना अधिकाऱ्यांसाठी स्थिर कार्यकाळ आणि चालू यंत्रणाही मागूया.