नाकावरचा लाल डाग

खांदेसूज शेतकऱ्याला नवी नाही. जू नीट बसले नाही की बैलाचा खांदा सुजतो, कातडी सोलवटते आणि ऐन हंगामात जनावर गोठ्यात बसून राहते. म्हणून जाणता माणूस जू उतरताच आधी खांद्यावरून हात फिरवतो. इस्पितळात श्वासाचा मास्क लावलेल्या माणसाच्या नाकाकडे मात्र इतक्या आस्थेने कोणी पाहत नाही, ही आमची तक्रार आहे.

येथे आम्ही 'बायपॅप' यंत्राच्या मास्कविषयी बोलत आहो. धाप लागलेल्या रुग्णाच्या फुप्फुसांत हे यंत्र दाबाने हवा सोडते. २०२०-२१ च्या करोनात अनेक कुटुंबांना त्याची ओळख झाली. हवा निसटू नये म्हणून मास्क चेहऱ्यावर पट्ट्यांनी आवळतात. नाकाच्या दांडीवर कातडी पातळ, खाली लगेच हाड. दाबाने तेथील रक्त अडते, घामाने व वाफेने कातडी मऊ पडते आणि काही तासांतच इजा होऊ शकते. पूर्वी याला 'दाबव्रण' म्हणत. २०१६ साली अमेरिकेतील तज्ज्ञमंडळाने 'व्रण' हा शब्द काढून 'इजा' असा घातला, कारण कातडी फुटण्याआधीच नुकसान सुरू झालेले असते.

ओळखावे कसे? लाल डागावर बोट दाबून सोडावे. डाग क्षणभर पांढरा पडला तर रक्त खेळते आहे. लालच राहिला तर इजा झाली. सावळ्या वर्णावर लाली दिसत नाही; तेथे काळसर-निळसर छटा, ऊब, कठीणपणा पाहावा.

फोमची किंवा जेलची पातळ पट्टी मास्क चढवतानाच नाकावर लावावी, जखम झाल्यावर नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे. पट्ट्याखाली एक-दोन बोटे सरकली पाहिजेत. थोडी हवा गळली तरी यंत्र ती भरून काढते. डोळ्यांत मात्र जाऊ नये. दर काही तासांनी सिस्टरने (कॉन्व्हेंटच्या नव्हे, वॉर्डातल्या!) मास्क सैल करून कातडी पुसून पाहावी. नातेवाइकांनी आठवण करावी, पण स्वतः मास्क काढू नये. खांदेमळणीसारखे तेल-लोणी चोळणे तर नकोच. त्याने दुखावलेली कातडी अधिक दुखावते.

मास्कमधून रुग्णाला धड बोलता येत नाही. रविवारी मिस्सानंतर आजाऱ्यांच्या भेटीस जाणाऱ्यांनी पिशवीत वही-पेन्सिल ठेवावी आणि पहिला प्रश्न विचारावा, "नाक दुखते का?"