सर्व्हिसच्या आधी

या पानाचे नेहमीचे वाचक जाणतातच, की मी काही मोठा खेळाडू नाही. पहाटे उठून बॅडमिंटन खेळायला जातो, ते मुख्यतः डॉक्टरांच्या धाकाने. मात्र या खेळाचा अभिमान बाळगायला पुणेकराला खेळता आलेच पाहिजे असे नाही. इथल्या लष्करी छावणीत इंग्रज अधिकारी तो खेळत, १८७३ च्या सुमारास त्याचे नियमही इथेच बांधले गेले आणि खेळाला 'पूना' असेच नाव पडले होते. पुढे इंग्लंडातल्या 'बॅडमिंटन हाउस' नावाच्या वाड्याने ते नाव पळवले. आमच्या क्लबातले वकीलसाहेब हे दुःख अजून विसरलेले नाहीत. सामना हरले की हमखास तोच विषय काढतात.

तर आज सांगायचे आहे ते या खेळातल्या पूजाविधीबद्दल. सर्व्हिस करण्यापूर्वी आणि घेण्यापूर्वी माणूस जे काही करतो त्याला दुसरे नाव मला सुचत नाही. आमचे वकीलसाहेब तळहात विजारीला तीनदा पुसतात. दोनदा नाही, चारदाही नाही. बँकेतले एक निवृत्त साहेब फुलाच्या पिसांवर हलकेच फुंकर घालतात, गरम चहावर घालावी तशी. एक वहिनी पदर खोचल्यासारखा टी-शर्ट कमरेशी ओढून घेतात. पंचवीस वर्षांपूर्वी त्या साडी नेसून खेळत; साडी गेली, खोचणे राहिले. सर्व्हिस घेणाऱ्यांचेही तेच. कुणी जागच्या जागी डुलतो, कुणी हात वर करून 'थांबा' म्हणतो आणि मग नाक खाजवतो.

माझ्याबद्दल विचाराल, तर मी चष्मा सारखा करतो, डाव्या बुटाच्या तळव्यावर रॅकेट दोनदा आपटतो आणि छताच्या तिसऱ्या दिव्याकडे पाहतो. तिसऱ्याच का, ते मलाही ठाऊक नाही. एकदा त्या दिव्याकडे पाहिल्यावर सर्व्हिस बरी पडली होती, एवढाच त्याचा इतिहास. सौभाग्यवती एकदा खेळ बघायला आल्या आणि घरी येताना म्हणाल्या, "घराचं कुलूप तीनदा ओढून बघता, तेच इथेही चालतं होय!"

मला तरी यात हसण्यासारखे वाटत नाही. राफाएल नदाल टेनिसमध्ये पाण्याच्या बाटल्या एका रेषेत मांडून ठेवी आणि सर्व्हिसपूर्वी नाक, कान, केस असा सगळा देवपाट करी. २०२४ साली तो निवृत्त झाला, तोवर बावीस मोठी विजेतेपदे त्याच्या घरी गेली होती. नीट पाहिले तर सर्व्हिस हा असा एकच फटका आहे, की तो मारताना समोरचा तुमचे काही बिघडवू शकत नाही. बाकी सारा खेळ म्हणजे दुसऱ्याने टाकलेल्या प्रश्नाला घाईघाईने दिलेले उत्तर. सर्व्हिसच्या आधीचे चार क्षण तेवढे आपले. माणूस ते वाया कसे घालवील?

त्यातून बॅडमिंटनची सर्व्हिस म्हणजे अवघड जागेचे दुखणे. टेनिसमध्ये सर्व्हिस करणारा वरून हाणतो. इथे फूल खालूनच मारावे लागते. पूर्वी कमरेखालून म्हणत. २०१८ पासून मोठ्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत जमिनीपासून १.१५ मीटरची रेघ ठरली आहे. जाळी मध्यभागी १.५२४ मीटर उंच. दुहेरीत फूल तिच्यावरून जेमतेम सरकले पाहिजे. चार बोटे वर गेले, तर समोर रॅकेट उगारून उभा असलेला माणूस ते तुमच्या पायाशी आपटतो. फुलाचे वजन पाच ग्रॅमच्या आसपास, पिसे सोळा. एवढी हलकी वस्तू हातात धरली, की मनातले सगळे तिला कळते.

हे शेवटचे वाक्य माझे नाही. ते आमच्या मास्तरांचे आहे, आणि खरे सांगायचे तर आजचा लेख त्यांच्याविषयीच आहे.

मास्तर शाळेत चित्रकला शिकवत. फळ्यावर हाताने एका दमात वर्तुळ काढीत आणि मग मुलांना दोरी घेऊन मापायला सांगत. दुहेरीत ते माझे जोडीदार. या पाडव्याला बावीस वर्षे होतील. नंदू नाटेकरांचा खेळ त्यांनी लहानपणी पाहिला होता. सांगलीचा हा माणूस १९५६ साली क्वालालंपूरला सेलांगोर स्पर्धा जिंकून परदेशात विजेतेपद मिळवणारा पहिला भारतीय बॅडमिंटनपटू ठरला आणि १९६१ साली अर्जुन पुरस्काराच्या पहिल्या मानकऱ्यांत बसला. "ते फूल मारीत नसत, ठेवीत असत," असे मास्तर सांगत आणि स्वतःही तसेच ठेवायला बघत. त्यांची सर्व्हिस आमच्या जोडीचे भांडवल होते.

या वर्षी पावसाळ्यात मास्तरांचा विधी वाढू लागला. आधी ते फूल उचलीत आणि मारीत, इतके साधे. आता ते पिसे चाचपू लागले, कोपर बरगडीला टेकवू लागले, डोळे मिटू लागले. दहा सेकंद झाले, पंधरा झाले. समोरची मंडळी कंटाळून उभी. वकीलसाहेबांनी कलमच काढले : दोन्ही बाजू तयार झाल्यावर सर्व्हिसला विनाकारण उशीर करणे नियमाविरुद्ध आहे. नियम बरोबरच होता.

श्रावणातल्या एका सकाळी वीस-वीस गुण झाले होते. मास्तरांची सर्व्हिस. ते उभे राहिले ते राहिलेच. मला कचेरीत जायचे नव्हते, गाडी गाठायची नव्हती. तरी कुठून घाई आली देव जाणे. मी मागून ओरडलो, "अहो मास्तर, फूल मारायचंय की त्याचं चित्र काढायचंय?"

सगळे हसले. मास्तरही हसले. त्यांनी फूल मारले, ते उंच गेले, पुढचाही गुण गेला आणि आम्ही हरलो. दुसऱ्या दिवसापासून मास्तर आले नाहीत. गुडघा धरलाय, असा निरोप आला. या वयात गुडघा धरणे ही इतकी शिष्टसंमत गोष्ट आहे, की मी दुसऱ्यांदा चौकशीही केली नाही.

नवरात्र संपल्यावर नातवासाठी कंदील सांगायला त्यांच्याकडे गेलो. दरवर्षी बांबूच्या काड्या आणि रंगीत कागद आणून मास्तर आळीतल्या मुलांसाठी दहा-बारा कंदील करतात. या वेळी ओसरीवर ना काड्या, ना खळ. खुंटीला बाजारातला एक घडीचा कंदील. वहिनींनी चहा आणला. मास्तरांनी कप दोन्ही हातांनी धरला, तरी बशीत किणकिण झाली.

मी बशीकडे पाहिले आणि मास्तरांनी माझ्याकडे.

"डावा हात जास्त," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणतात, जिवाला धोका नाही, पण कंप जाणारही नाही. माणसं बघत असली की वाढतो. फूल धरलं की पिसं थरथरतात. कोपर अंगाशी टेकवायचं, श्वास सोडायचा. जरा थांबलं की हात थोडा निवतो. तेवढ्यात मारून घ्यायचं."

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही सगळ्यांनी मला हळू फुलं टाकली असतीत. मला खेळायचं होतं हो."

मी श्रावणातले ते वाक्य आठवून गप्प बसलो. माफी मागायची म्हणून तोंड उघडले, तर मास्तरांनी कंदिलाच्या वाढत्या किमतीचा विषय काढला. बावीस वर्षे जाळीच्या एका बाजूला उभे राहिलेल्या माणसाला समोरच्याचा फटका आधीच कळतो. निघताना मी एवढेच म्हणालो, "उद्या सहाला या. कुणी हळू टाकणार नाही. मी कुणाला काही सांगणार नाही."

मास्तर आले. पहिली सर्व्हिस त्यांची होती. त्यांनी फूल धरले, आणि मागे उभ्या असलेल्या माझ्या चष्म्यावर एकाएकी घाम साचला. मी हात वर केला, चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने एक काच पुसली, मग दुसरी, मग पुन्हा पहिली. समोरची जोडी माझ्याकडे रागाने बघत होती. मास्तरांकडे कुणीच बघत नव्हते. मी चष्मा चढवला. फूल जाळीवरून सरकले आणि वकीलसाहेबांच्या पुढ्यात ठेवल्यासारखे पडले.

तेव्हापासून हे रोज चालले आहे. कधी चष्मा, कधी बुटाची नाडी. सगळ्याच सर्व्हिसा साधतात असे नाही. दहांतल्या चार उंच जातात आणि वकीलसाहेब त्या दयामाया न दाखवता आपटतात. मास्तरांना तेच हवे आहे. परवा वकीलसाहेबांनी मला सर्वांसमोर नियमाचे कलम ऐकवले आणि विचारले, "काय हो, खेळायला येता की चष्मे पुसायला?" सगळे हसले. मीही हसलो.

घरी परतताना मास्तर म्हणाले, "तुमचा चष्मा हल्ली फार धुरकट होतो."

"वय झालं," मी म्हणालो.

"होतं खरं असं," मास्तर म्हणाले, आणि खिशातून एक मऊ पिवळे फडके काढून त्यांनी माझ्या हातात ठेवले. देताना ते फडके थोडे हलत होते. सदऱ्याने काचेला चरे पडतात म्हणाले.

पाडव्याला क्लबात मैत्रीचा सामना आहे. फडके धुऊन वाळत घातले आहे.