वकिलांनी जपलेले गोल चर्च

लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरून अरुंद बोळात शिरले, की वकिलांच्या कचेऱ्यांच्या गराड्यात टेंपल चर्च उभे दिसते. टेंपलर या लढवय्या धर्मसंघाने ते जेरुसलेममधल्या ख्रिस्तसमाधीच्या चर्चच्या धर्तीवर गोलाकार बांधले आणि ११८५ मध्ये जेरुसलेमचे धर्माध्यक्ष हेराक्लियस यांनी त्याचा अभिषेक केला. बदलत्या स्थापत्यशैलीचा सांधा इथे स्पष्ट दिसतो: पश्चिमेचे दार जुन्या नॉर्मन वळणाचे, अर्धगोल कमानीचे, आत मात्र टोकदार गॉथिक कमानी आणि पर्बेक दगडाचे सडपातळ खांब. १२४० मध्ये पूर्वेला उंच, उजळ प्रार्थनादालन जोडले गेले. मॅग्ना कार्टाच्या वाटाघाटींत राजाची बाजू सांभाळणारा विल्यम मार्शल इथेच पुरला आहे. १६६६ च्या आगीतून चर्च बचावले; मे १९४१ च्या बॉम्बवर्षावात मात्र छत जळाले, दालनाचे खांब तडकले. जुने खांब किंचित बाहेर कललेले होते, म्हणून नवेही मुद्दाम तसेच उभारले. जीर्णोद्धारातली निष्ठा ती हीच! १६०८ मध्ये राजा पहिल्या जेम्सने हा परिसर वकिलांच्या दोन संस्थांना दिला, तो चर्च सांभाळण्याच्या अटीवर. त्या दोन्ही संस्था ती अट आजही पाळत आहेत.