लेकरं कमी झाली, कर्ज का नाही?



परवा तालुक्याला एका सरकारी कार्यक्रमात साहेबांनी भाषण ठोकलं. कोरडवाहू शेतकरी गरीब का? तर म्हणे त्याला पोरं फार. पोरं फार म्हणून वाटण्या, वाटण्या म्हणून तुकडे, तुकडे म्हणून दारिद्र्य. कापसाच्या भावाबद्दल अक्षर नाही. मांडवातल्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यात आपलेही लोक होते, म्हणून हे लिहितो आहे.

साहेबांचा हा शोध दोनशे वर्षांहून जुना आहे. 1798 साली माल्थस नावाच्या इंग्रज पाद्र्याने पुस्तक लिहिलं. माणसं दुपटी-चौपटीने वाढतात, धान्य पायरीपायरीने वाढतं. मग उपासमार आणि रोगराई येऊन हिशेब चुकता करतात, असं त्याचं सांगणं. हाच माल्थस 1805 पासून ईस्ट इंडिया कंपनीच्या कॉलेजात शिकवत होता. हिंदुस्थानावर राज्य करायला येणारे तरुण त्याच्या हाताखालून निघाले. 1876 ते 1878 च्या दुष्काळात दख्खनमध्ये लाखो माणसं मेली, तेव्हा व्हाइसरॉय लिटनने हाच पाढा म्हटला. त्याच काळात इथला गहू जहाजात भरून विलायतेला जात होता!

माल्थसने तोंडं मोजली, हात मोजले नाहीत. पंजाबात खन्ना भागात 1950 च्या दशकात हार्वर्ड विद्यापीठाच्या लोकांनी संततिनियमनाचा मोठा प्रयोग केला. घरोघर गोळ्या वाटल्या, लोकांनी हसतमुखाने घेतल्या, वहीत नोंदी झाल्या. जन्म मात्र म्हणावे तसे कमी होईनात. पुढे महमूद ममदानी त्याच भागातल्या मनुपूर गावी गेले आणि शेतकऱ्यांनाच विचारलं. त्यांचं पुस्तक 1972 साली आलं. गोळ्या घेतल्या होत्या त्या आलेल्या माणसाचं मन राखायला! ज्याच्याकडे मजूर लावायला पैसा नाही, त्याला घरचे हात लागतात, हे गावाला ठाऊक होतं. विद्यापीठाला नव्हतं.

आपल्याकडे वेगळं काय होतं? ज्वारी दाण्यात आली की गोफण घेऊन एक पोरगं राखणीला. एक ढोरांमागे. पऱ्हाटी फुटली की पोरगी मायबरोबर वेचणीला, शाळा राहिली बाजूला. यात अभिमान धरण्यासारखं काही नाही. पण त्या पोरीची मजुरी धरून कापसाला भाव कोणी दिला होता? 1971 च्या सुमारास या देशात जन्मलेल्या हजार बाळांतली 129 वर्षाच्या आत दगावत. चार झाली तर दोन हाताशी येतील, हा मायचा हिशेब अडाणीपणाचा नव्हता. साहेबाला म्हातारपणी पेन्शन होती, शेतकऱ्याला पोरगा होता.

मग 1976 आलं. मास्तर, तलाठी, ग्रामसेवक सगळे नसबंदीच्या 'केसेस' शोधत फिरू लागले. 1976-77 या एका वर्षात देशात 82 लाखांवर शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर सक्तीचा कायदाच मंजूर केला. राष्ट्रपतींची सही झाली नाही म्हणून तो बारगळला. कुटुंब लहान ठेवण्याला आमचा विरोध नाही. र. धों. कर्व्यांनी 1921 सालीच मुंबईत त्यासाठी केंद्र काढलं होतं. माणसाला ढोरासारखं धरून नेण्याला विरोध आहे.

सक्ती गेली आणि काय झालं? बाळं जगू लागली, पोरी शाळेत गेल्या, बायांनी आपापला हिशेब बदलला. 1992-93 च्या राष्ट्रीय पाहणीत देशात बाईमागे सरासरी 3.4 मुलं होती. 2019-21 च्या पाहणीत 2.0, आणि आपल्या महाराष्ट्रात 1.7. साहेबांच्या शास्त्राप्रमाणे आता आपल्या दारात सोन्याचा धूर निघायला हवा होता. याच वर्षांत विदर्भाच्या कापूसपट्ट्यात आत्महत्या सुरू झाल्या, 2006 साली पंतप्रधानांना सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर करावं लागलं. ज्या घरात फास लागला, त्या घरात पोरं दहा नव्हती. दोन होती.

तुकडे पडले हे खरं. पण ते पडतात कारण रानातून निघून जायला दुसरीकडे पोट भरेल असं काम नाही. शेतीवरचा जादा भार उद्योगात नेल्याशिवाय तुकड्यांचं दुखणं जाणार नाही, हे बाबासाहेब आंबेडकरांनी 1918 साली लिहून ठेवलं. साहेबांनी ते वाचलेलं दिसत नाही.

आणि नियम कोणाला? सप्टेंबर 2001 नंतर तिसरं अपत्य झालं तर ग्रामपंचायतीला उभं राहता येणार नाही, अशी अट गावावर बसवली. आमदार-खासदाराला अट नाही. तिकडे आंध्रात 2024 साली ही अट काढून टाकली आणि मुख्यमंत्री लोकांना जास्त मुलं होऊ द्या म्हणू लागले. आज कमी करा, उद्या वाढवा. पोरं आमची, हिशेब त्यांचा.

जिल्हा मेळाव्याला येताना प्रत्येक गावाने एक कागद आणावा. घरटी लिहावं: आजोबांना मुलं किती, बापाला किती, आपल्याला किती. शेजारी सोसायटीचं, बँकेचं आणि सावकाराचं देणं. सगळे कागद एकत्र बांधून साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवू.