चेंडू मोजला, कोपराचं काय?

१ नोव्हेंबर २०२५ रोजी टोरांटोत अमेरिकन बेसबॉलच्या ‘वर्ल्ड सीरिज’चा सातवा आणि निर्णायक सामना झाला. लॉस एंजेलिस डॉजर्सनी टोरांटो ब्लू जेजना अकराव्या डावात ५-४ असं हरवलं. आदल्या रात्री ९६ चेंडू टाकलेला योशिनोबू यामामोतो हा जपानी पिचर पुन्हा मैदानात उतरला आणि आणखी ३४ चेंडू टाकून त्याने सामना संपवला. ज्याच्या चेंडूवर विल स्मिथने निर्णायक होम रन मारला, तो टोरांटोचा शेन बीबर तीनच महिन्यांपूर्वी क्लीव्हलंडकडून अदलाबदलीत आला होता. त्या वेळी तो कोपराच्या शस्त्रक्रियेतून सावरत होता.

बेसबॉलचे चाहते बाराही महिने तीन गोष्टींवर वाद घालतात. पंचाने दिलेला स्ट्राइक खरंच स्ट्राइक होता का? पिचरला आणखी एक डाव द्यायला हवा होता का? आणि कुणाला विकून कुणाला घ्यावं? आपल्याकडे पायचीतवर, जसप्रीत बुमराहच्या पाठीवर आणि आयपीएलच्या लिलावावर जे चालतं, तेच हे. मग आरोग्याच्या स्तंभात हा विषय कशाला? कारण या तिन्ही वादांच्या मुळाशी मानवी शरीर आहे. पंचाचा डोळा, पिचरचं कोपर आणि खेळाडूचा वैद्यकीय अहवाल. गेल्या पंधरा-वीस वर्षांत या तिन्हींचं मोजमाप कमालीचं अचूक झालं आहे. त्या मोजमापाने एका जागी न्याय केला आणि दुसऱ्या जागी इजा केली. तिसऱ्या जागी त्याने माणसाच्या शरीराचा भाव ठरवला.

डोळ्याची मर्यादा

पंचापासून सुरुवात करू. बेसबॉलमध्ये फलंदाजाने न मारलेला चेंडू ‘बॉल’ की ‘स्ट्राइक’, हे पंच ठरवतो. होम प्लेटची रुंदी १७ इंच, म्हणजे सुमारे ४३ सेंटिमीटर. उंचीची मर्यादा फलंदाजाच्या शरीरावरून ठरते. ही अदृश्य चौकट हवेत उभी आहे असं समजायचं आणि चेंडू तिला शिवला की नाही ते सांगायचं. ताशी १६० किलोमीटर वेगाचा चेंडू पिचरच्या हातून सुटल्यावर प्लेटपर्यंत पोहोचायला साधारण ०.४ सेकंद लागतात. त्यात तो वळतो, बुडतो. शिवाय पंच वाकून उभा असतो तो कॅचरच्या मागे, आणि कॅचर आपला हातमोजा अलगद आत ओढून बाहेरचा चेंडू आतला भासवण्यात तरबेज असतो.

हलत्या वस्तूचा पाठलाग करण्याची आपल्या डोळ्यांची क्षमता ठरावीक आहे. वस्तू दूर असताना डोळा तिच्याबरोबर सरकतो. ती अगदी जवळून वेगाने गेली की डोळा मागे पडतो आणि उरलेला मार्ग मेंदू अंदाजाने पूर्ण करतो. म्हणजे प्लेटवरचा शेवटचा क्षण पंच पूर्णपणे ‘पाहत’ नाही, काही अंशी तो ‘ताडतो’. हे लक्षात घेतलं, तर दहांपैकी नऊहून अधिक निर्णय बरोबर येतात हेच नवल वाटायला हवं.

मात्र ताडणाऱ्या मेंदूला सवयी असतात. अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञांनी न्यायाधीश, कर्ज मंजूर करणारे अधिकारी आणि बेसबॉलचे पंच यांच्या निर्णयांचा एकत्र अभ्यास करून २०१६ मध्ये निष्कर्ष मांडले. आधीचा चेंडू स्ट्राइक दिला असेल, तर तशाच जागेवरचा पुढचा चेंडू स्ट्राइक देण्याकडे पंचाचा कल थोडा कमी होतो. ‘सारखं एकच कसं येईल?’ असं मन नकळत म्हणतं. बाह्यरुग्ण विभागात बसणाऱ्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. ओळीने दहा साधे ताप पाहिले की अकरावाही साधाच असेल असं वाटू लागतं, किंवा उलट, आता काहीतरी गंभीर यायलाच हवं असं वाटतं. अकराव्या रुग्णाच्या रक्ताला आधीच्या दहांशी काहीही देणंघेणं नसतं.

२०१८ मधला दुसरा एक अभ्यास तर थेट आपल्या शहरांशी बोलतो. हवेतल्या अतिसूक्ष्म धूलिकणांचं, म्हणजे पीएम २.५ चं प्रमाण दर घनमीटरला १० मायक्रोग्रॅमने वाढलं, की पंचांच्या चुकीच्या निर्णयांचं प्रमाण सुमारे अडीच टक्क्यांनी वाढतं, असं त्यात आढळलं. प्रदूषणाची चर्चा आपण दमा आणि हृदयविकारापाशी थांबवतो. निरोगी, प्रशिक्षित, अनुभवी माणसाची निर्णयक्षमताही त्याने घसरते, हे क्वचितच बोललं जातं. पंचाचा प्रत्येक निर्णय नोंदला जातो म्हणून ही घसरण दिसली. बसचालकाची किंवा रात्रपाळीच्या परिचारिकेची कोण मोजतं?

२०२६ च्या हंगामापासून मेजर लीग बेसबॉलने यावर तोडगा आणला आहे. कॅमेऱ्यांची यंत्रणा प्रत्येक चेंडूचा मार्ग टिपते. प्रत्येक संघाला दोन आव्हानं मिळतात आणि आव्हान बरोबर ठरलं तर ते शिल्लक राहतं. आव्हान देण्याचा अधिकार फक्त फलंदाज, पिचर आणि कॅचर यांना आहे, तोही डोक्याला हात लावून, लगेच, बाकावरच्या कुणाची मदत न घेता. दक्षिण कोरियाच्या लीगने २०२४ पासूनच सगळे बॉल-स्ट्राइक यंत्राकडे सोपवले आहेत. अमेरिकेने मधला मार्ग निवडला, आणि तो मला अधिक शहाणपणाचा वाटतो. २०२५ च्या हंगामपूर्व सराव सामन्यांत ही पद्धत वापरून पाहिली, तेव्हा निम्म्याहून थोडीच अधिक आव्हानं यशस्वी ठरली. म्हणजे ‘पंच आंधळा आहे’ अशी खात्री असलेले खेळाडूही जवळपास निम्म्या वेळा चुकत होते. यंत्राने पंचाला उघडं पाडलं, तसंच तक्रार करणाऱ्यालाही.

स्नायू वाढतो, लिगामेंट नाही

आता कोपर. चेंडू फेकताना पिचरचा दंड खांद्यात सेकंदाला सुमारे ७,००० अंश इतक्या वेगाने आत फिरतो. मानवी शरीराच्या सर्वांत वेगवान हालचालींपैकी ही एक. त्या क्षणी कोपराच्या आतल्या बाजूवर सुमारे ६४ न्यूटन-मीटर इतका पीळ येतो. सोप्या भाषेत, तळहाताशी २० किलोचं धान्याचं पोतं बांधून कुणी हात बाहेरच्या बाजूला ओढावा, तसा. हा पीळ रोखणारी मुख्य दोरी म्हणजे अल्नर कोलॅटरल लिगामेंट. मृतदेहांवरच्या प्रयोगांत हे लिगामेंट त्याच्या साधारण निम्म्या पिळालाच तुटलेलं आढळलं आहे. उरलेला भार पुढच्या हाताचे स्नायू उचलतात. ते दमले, की सगळा ताण दोरीवर.

व्यायामाने स्नायू काही महिन्यांत बळकट होतो. लिगामेंटला रक्तपुरवठा तुटपुंजा असतो आणि ते फार संथपणे बदलतं. त्यामुळे आजचा पिचर इंजिन वाढवत नेतो, पण दोरी तीच राहते. २००८ मध्ये मेजर लीगमधल्या मुख्य वेगवान चेंडूची सरासरी गती ताशी ९१.३ मैल होती. २०२४ मध्ये ती ९४.२ मैल, म्हणजे सुमारे १५२ किलोमीटर झाली. याच काळात लीग आणि तिच्या खालच्या श्रेणी मिळून कोपराच्या पुनर्रचनेच्या शस्त्रक्रिया २०१० मधल्या १०४ वरून २०२० मध्ये ३१४ वर पोहोचल्या. हे आकडे लीगनेच डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालातले आहेत. वेगाचा ध्यास, चेंडूच्या फिरकीचा ध्यास आणि प्रत्येक चेंडू पूर्ण ताकदीने टाकण्याची सवय, ही कारणं त्यात दिली आहेत. खेळाडूंची संघटना चेंडू टाकण्यासाठीच्या वेळमर्यादेकडे बोट दाखवते. २०२३ पासून पिचरला श्वास घ्यायला कमी सेकंद मिळतात, आणि दमलेल्या स्नायूंचा विचार करता हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण शस्त्रक्रियांचा आलेख त्या नियमाच्या कितीतरी आधीपासून चढत होता.

ही शस्त्रक्रिया ‘टॉमी जॉन’ या खेळाडूच्या नावाने ओळखली जाते. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या उजव्या हातातली एक कंडरा काढून डाव्या कोपरात बसवली. मनगट वाकवून अंगठा आणि करंगळी जुळवली की मनगटाच्या मधोमध जी दोरी उठून दिसते, तीच ही. काही जणांना ती जन्मतःच नसते आणि त्यावाचून काही अडतही नाही. यशाची शक्यता शंभरात एक, असं डॉ. जोब यांनी सांगितलं होतं. टॉमी जॉन १९८९ पर्यंत खेळला आणि शस्त्रक्रियेनंतर त्याने १६४ सामने जिंकले.

या यशाची एक उलटी बाजू आहे. ‘ऑपरेशननंतर हात आधीपेक्षा जोरकस होतो’ ही समजूत तिकडच्या पालकांत पसरली. ती चुकीची आहे. खेळाडू सुधारून परततो तो वर्षभराच्या शिस्तबद्ध व्यायामामुळे, आणि दुसऱ्यांदा चाकूखाली जाणारेही अनेक आहेत. शोहेई ओतानीच्या कोपरावर २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये शस्त्रक्रिया झाली. यामामोतोच्या दोन रात्रींचं कौतुक जरूर करावं. ती वर्षातल्या शेवटच्या सामन्यातली, तयार शरीराच्या व्यावसायिकाने जाणूनबुजून घेतलेली जोखीम होती. बारा वर्षांच्या मुलाने गिरवायचा तो धडा नव्हे.

अहवालाची बाजारपेठ

तिसरा वाद अदलाबदलीचा. कोणताही सौदा वैद्यकीय तपासणीनंतरच पक्का होतो. जुलै २०१५ मध्ये न्यूयॉर्क मेट्सच्या विल्मर फ्लोरेसला, आपण विकले गेलो, हे सामना सुरू असताना कळलं आणि तो मैदानातच रडला. सौदा मात्र समोरच्या खेळाडूच्या तपासणीतल्या शंकांमुळे मोडला, आणि दोन दिवसांनी त्याच फ्लोरेसने मेट्सला सामना जिंकून दिला. पुढच्या वर्षी सॅन डिएगो संघाच्या व्यवस्थापकाला एका सौद्यात वैद्यकीय माहिती दडवल्याबद्दल लीगने ३० दिवस बिनपगारी निलंबित केलं.

आम्हा डॉक्टरांना हे अस्वस्थ करणारं आहे. रुग्णाचा अहवाल रुग्णाचा असतो. इथे तो विक्रीच्या कागदपत्रांत जातो आणि डॉक्टरचा पगार विकणारा किंवा विकत घेणारा देतो. खेळाडूने दुखणं सांगितलं तर त्याचा भाव उतरतो, लपवलं तर लिगामेंट तुटतं. अशा खोलीत खरा वैद्यकीय इतिहास कोण सांगेल?

त्यातून एमआरआय म्हणजे भविष्यवाणी नव्हे. १९९६ मध्ये आर. ए. डिकी या तरुण पिचरला ८ लाख १० हजार डॉलरचा देकार होता. तपासणीत त्याच्या कोपरात ते लिगामेंटच नसल्याचं दिसलं आणि रक्कम ७५ हजारांवर आली. २०१२ मध्ये त्याच डिकीला वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळाला. उलट उदाहरण ब्रॅडी एकेनचं. २०१४ मध्ये ह्यूस्टनने त्याची सर्वांत पहिली निवड केली, पण लिगामेंटबद्दल शंका आल्याने देकार कमी केला. त्याने तो नाकारला. पुढच्याच वर्षी त्याच्यावर टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली आणि तो मुख्य लीगपर्यंत कधी पोहोचला नाही. एकदा चित्र फसवं ठरलं, एकदा खरं. अहवाल शक्यता सांगतो, नशीब नाही. दुखत नसलेल्या कोपरांतही स्कॅनवर दोष दिसतात, हे आपल्याकडे पाठीच्या एमआरआयची फाइल घेऊन फिरणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं.

आपल्या अंगणात

हा प्रश्न फक्त अमेरिकेचा नाही. २००८ मध्ये उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू रिंकू सिंग आणि दिनेश पटेल एका स्पर्धेतून निवडले गेले आणि पिट्सबर्ग पायरेट्सशी करारबद्ध झाले. रिंकूलाही पुढे टॉमी जॉन शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. नीरज चोप्राच्या उजव्या कोपरावर २०१९ मध्ये मुंबईत शस्त्रक्रिया झाली होती. आपल्या क्रिकेट अकादम्यांत आता वेग मोजणारी यंत्रं आली आहेत. मुलाने ताशी किती किलोमीटरचा चेंडू टाकला हे बाबांना लगेच कळतं. आठवड्यात एकूण किती चेंडू टाकले, हे विचारलं तर उत्तर येत नाही.

अमेरिकेत २०१४ पासून वयानुसार मर्यादा सुचवल्या आहेत. ११-१२ वर्षांच्या पिचरने एका दिवसात जास्तीत जास्त ८५ चेंडू टाकावेत आणि जितके अधिक टाकले तितके विश्रांतीचे दिवस वाढवावेत. फेकणाऱ्या किंवा वेगवान गोलंदाजी करणाऱ्या मुलांच्या पालकांना तीनच गोष्टी सांगेन. चेंडूंची वही ठेवा. शाळा, क्लब आणि अकादमी मिळून एकच. वर्षातले काही महिने त्या हाताला किंवा पाठीला पूर्ण सुट्टी द्या आणि त्या काळात दुसरा खेळ खेळू द्या. कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कमरेत एकाच जागी दुखत असेल, तर वेदनाशामक गोळी देऊन सामना खेळवू नका. आधी तपासून घ्या.

पंचाच्या चुकीसाठी आता दोन आव्हानं मिळतात. बारा वर्षांच्या कोपराला मात्र आव्हान द्यायची सोय नसते. ते दुखून सांगतं, तेव्हा ऐकायचं की नाही, एवढंच आपल्या हातात असतं.